चौरस फुटांचा भाव, तासांची किंमत

कल्याणच्या पुढे, वसई-विरार पट्ट्यात किंवा पनवेलच्या आसपास कुठल्याही रविवारी फेरी मारली, तर नव्या इमारतींच्या साइटवर घर बघायला आलेली कुटुंबे दिसतात. त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती? ताबा कधी? पार्किंग वेगळे घ्यावे लागेल का? कोणत्या बँकेचे कर्ज मिळते? हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण या घरात राहायला आल्यावर आपण रात्री किती वाजता झोपणार आणि सकाळी किती वाजता उठणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. घराचे कर्ज वीस वर्षांचे असते. त्या वीस वर्षांत चाळिशीचा माणूस साठीला पोचतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पाठ-मानेची दुखणी डोके वर काढतात ती याच काळात. म्हणून घर निवडणे हा पैशाचा निर्णय असतो, तसा तो पुढच्या वीस वर्षांच्या प्रकृतीचाही निर्णय असतो.

या निर्णयात तीन गोष्टी एकमेकींना खेचत असतात: खर्च, प्रवास आणि परिसर. तिन्ही मनासारख्या मिळणे मुंबई महानगरात फार थोड्यांच्या नशिबी असते. उरलेल्यांना कशात तरी तडजोड करावी लागते. ती डोळे उघडे ठेवून करता यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन घरांचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. नवरा-बायको दोघेही दादरला नोकरी करतात. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला बदलापूरला टू बीएचकेचा. त्यासाठी ३० लाखांचे कर्ज लागेल. दुसरा ठाणे स्थानकाच्या टप्प्यात, जुन्या इमारतीतल्या लहानशा वन बीएचकेचा. त्यासाठी ५० लाखांचे कर्ज. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर पहिल्या घराचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये आणि दुसऱ्याचा सुमारे ४३,३९१ रुपये येतो. फरक महिन्याला १७,३५६ रुपयांचा. शिवाय पहिल्या घरात एक खोली जास्त. कागदावर निर्णय झाल्यासारखाच वाटतो.

आता घड्याळाचा हिशोब. बदलापूरचे घर स्टेशनपासून आत आहे. रिक्षा मिळेपर्यंत ५ मिनिटे, रिक्षात १५, फलाटावर १०, जलद लोकलने दादरपर्यंत सव्वा तास, पूल चढून बाहेर पडायला ५ आणि तिथून कचेरी १० मिनिटे. एकूण दोन तास, जाऊन-येऊन चार. ठाण्याच्या घरातून स्टेशनपर्यंत चालत १५ मिनिटे, फलाटावर ५, लोकलमध्ये ३० आणि पुढे १०. एकूण एक तास, जाऊन-येऊन दोन. म्हणजे रोजचा फरक माणशी दोन तासांचा. महिन्याचे कामाचे दिवस २४ धरले तर ४८ तास. वर्षाचे ५७६ तास, म्हणजे पूर्ण २४ दिवस आणि २४ रात्री. वीस वर्षांत हे जवळजवळ १६ महिने होतात, आणि तेही दोघांचे वेगवेगळे.

हप्त्यातला फरक दोघांच्या मिळून ९६ तासांनी भागला, तर तासाला साधारण १८० रुपये येतात. म्हणजे दूरचे घर घेणारे हे जोडपे आपला प्रत्येक तास १८० रुपयांना विकत आहे. हा भाव बरा की वाईट, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोघांपैकी एकालाच प्रवास असेल तर हाच भाव तासाला ३६० रुपये होतो आणि गणित बदलते. घरून काम करायची मुभा आठवड्यातून तीन दिवस असेल, तर ते आणखी बदलते. पण हा भागाकार सही करण्याआधी निदान एकदा तरी मांडलेला असावा. त्यात रिक्षाचे भाडे, पास, उशीर झाल्यावर बाहेर घेतलेले जेवण आणि मुलाला पाळणाघरात जास्त वेळ ठेवण्याचे पैसेही धरायला हवेत. ते धरले की हप्त्यातली बचत बरीच आटते.

आधी झोप कापली जाते

दिवसाचे तास २४ च. त्यातले जेवणाच्या सुट्टीसह नऊ तास नोकरीचे. प्रवासाचे चार. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. एकूण २० झाले. उरलेल्या चार तासांत आंघोळ, स्वयंपाक, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे आणि दोन शब्द बोलणे. हे चार तासांत मावत नाही. मग कुठून तरी वेळ काढावा लागतो आणि तो झोपेतून निघतो. अमेरिकेत लोकांनी दिवसाचा वेळ कसा खर्च केला याच्या नोंदींवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेचा वेळ खाणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक कामाच्या तासांचा आणि दुसरा प्रवासाचा लागला होता.

झोप सतत कमी पडली की त्याचा परिणाम केवळ जांभयांपुरता राहत नाही. भूक वाढवणारी आणि भूक भागल्याची जाणीव देणारी संप्रेरके यांचा तोल बिघडतो, गोड-तेलकट खावेसे वाटते. इन्सुलिन नीट काम करेनासे होते. एरवी झोपेत रक्तदाब उतरतो आणि हृदयाला उसंत मिळते. ती उसंत आखडते. त्यात रात्रीचे जेवण साडेदहा-अकराला आणि लगेच आडवे होणे. पित्त, छातीत जळजळ आणि सकाळी उपाशीपोटी वाढलेली साखर या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसाला 'घरी किती वाजता पोचता?' असे विचारले, तर बऱ्याचदा निम्मे निदान तिथेच होते.

हा भार घरात सारखा वाटला जात नाही, हेही सांगायला हवे. पहाटे साडेचारला उठून डबे करणारी बहुधा बाई असते. परतीच्या लोकलमध्ये भाजी निवडत बसलेल्या बायका हे मुंबईचे कौतुकाने दाखवले जाणारे चित्र आहे. प्रत्यक्षात ते घरी पोचल्यावर वेळ उरणार नाही याचे चित्र आहे. प्रवासात आणि स्थानकावर स्वच्छतागृहाची खात्री नसल्यामुळे अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच कमी पितात. लघवी तुंबवून ठेवण्याची सवय आणि कमी पाणी यांमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होऊ शकतो, मुतखड्याला निमित्त मिळते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. औषध वेळेवर आणि खाणे उशिरा झाले, तर भर गर्दीत साखर उतरून घाम, थरथर आणि चक्कर येते. घर दूर असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवणे हा औषधाचाच भाग समजावा.

प्रवास किती आणि कसा

प्रवासाचे आरोग्यावर होणारे परिणाम बरेच अभ्यासले गेले आहेत. नोबेल पारितोषिक विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची तासातासाची नोंद घेतली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत कमी आनंद देणाऱ्या गोष्टींत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास होता. टेक्सासमध्येच ४,२९७ प्रौढांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात कामाचे ठिकाण जितके लांब, तितकी शारीरिक क्षमता कमी आणि कमरेचा घेर व रक्तदाब जास्त, असा संबंध आढळला. स्वित्झर्लंडमधील अर्थतज्ज्ञ अलॉइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीतील आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घर किंवा जास्त पगार यांतून होते, असे अर्थशास्त्राचे गृहीतक सांगते. प्रत्यक्षात लांबचा प्रवास करणारी माणसे आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाली. भरपाई पूर्ण होत नव्हती.

हे अभ्यास परदेशातले आणि काही तर मोटारीने जाणाऱ्यांचे आहेत. ते जसेच्या तसे लोकलच्या प्रवाशाला लावता येणार नाहीत. एका बाबतीत लोकलचा प्रवासी सरस आहे: तो चालतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. घरापासून स्टेशन १५ मिनिटे चालण्याच्या अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन रोज ३० आणि पाच दिवसांत बरोबर १५० मिनिटे होतात. म्हणजे जाहिरातीतले 'स्टेशनपासून एक मिनिट' हे घर आरोग्याच्या दृष्टीने सर्वोत्तम असेलच असे नाही. पंधरा मिनिटांचा रस्ता चालण्याजोगा असेल, त्याला पदपथ, सावली आणि रात्रीचे दिवे असतील, तर तो फुकटातला व्यायाम आहे. तोच रस्ता खड्ड्यांचा, अंधारा आणि मोकाट कुत्र्यांचा असेल, तर माणूस चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवसापासून रिक्षा पकडतो.

दुसऱ्या बाबतीत लोकलचा प्रवासी फार मागे आहे. रेल्वेच्या भाषेत इथल्या गर्दीला वेगळे नाव द्यावे लागले. एक चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात. अशा गर्दीत बसलेला ताण डब्यातून उतरल्यावर लगेच उतरत नाही. आणि ताण हा यातला लहान धोका आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून पडून दगावले. म्हणून घर बघताना नुसते किलोमीटर बघू नयेत. आपल्या वेळेची लोकल त्या स्थानकावरून सुटते की आधीच भरून येते, हे बघावे. बसून केलेला सव्वा तास आणि लटकून केलेली पन्नास मिनिटे यांत शरीराला पहिला परवडतो.

मेट्रोच्या आश्वासनाबद्दलही सावध राहावे. मुंबईची भुयारी मेट्रो तीन पहिल्या टप्प्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या नावावर घरे मात्र कितीतरी वर्षे आधीपासून विकली जात होती. जी गाडी आज धावते, तिच्याच भरवशावर घर घ्यावे. पुढे मेट्रो आलीच तर तो नफा समजावा.

हवा, आवाज आणि ऊन

परिसराचा प्रकृतीवर खरोखर परिणाम होतो का, की चांगल्या वस्तीत मुळातच सुस्थितीतली माणसे राहतात म्हणून ती निरोगी दिसतात? या शंकेचे बरेचसे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिले. १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधील कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून निवडले गेले आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. दहा ते पंधरा वर्षांनी तपासले, तेव्हा अशी संधी मिळालेल्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण कमी आढळले. माणसे त्याच प्रकारची होती, बदलला होता तो पत्ता.

पत्त्यातल्या तीन गोष्टी डॉक्टरच्या नजरेने बघण्यासारख्या आहेत. पहिली हवा. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. भारताची अधिकृत मर्यादा ४० आहे. वाहनांच्या धुराचा प्रभाव मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो. म्हणून महामार्गाला लागून असलेल्या पहिल्या इमारतीपेक्षा आत तीन गल्ल्या सोडून असलेले घर, विशेषतः दम्याचे मूल किंवा हृदयरोगी असलेल्या कुटुंबासाठी, बरे. जवळ सिमेंट-काँक्रीटचा प्लांट, कचराभूमी किंवा रासायनिक कारखाना आहे का, हे पाहावे. घर मिळाले तरी हवा राहण्याजोगी नसते म्हणजे काय, हे मुंबईने माहुलमध्ये पाहिले आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या त्या वसाहतीत जायला प्रकल्पग्रस्तांनी नकार दिला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

दुसरी गोष्ट आवाज. भारतातल्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीच्या आवाजाची आपल्याला सवय झाली असे वाटते. कानाला होते, शरीराला होत नाही. प्रत्येक मोठ्या आवाजासरशी झोपेतही नाडी वाढते, ताणाची संप्रेरके स्रवतात. ट्रकचा रस्ता, रेल्वेचे यार्ड किंवा मंगल कार्यालय खिडकीखाली असेल, तर निदान झोपण्याची खोली विरुद्ध बाजूला असावी.

तिसरी गोष्ट ऊन आणि वारा. गोवंडी-मानखुर्द परिसरातल्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केला. २०१८ मध्ये समोर आलेल्या त्या निष्कर्षांत, दाटीने उभ्या इमारतींमधल्या ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसला. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खोलीतली हवा खेळती असेल तर ते विरळ होतात आणि सूर्यप्रकाशात टिकत नाहीत. ओल आणि बुरशीचा दम्याशी असलेला संबंध तर जगभर मान्य आहे. चकचकीत फरशीपेक्षा समोरासमोर उघडणाऱ्या दोन खिडक्या जास्त मोलाच्या आहेत. खिडकीसमोरची जागा आज मोकळी असेल, तर उद्या तिथे काय उभे राहणार आहे, हे मंजूर आराखड्यात पाहून घ्यावे.

पाणी, पूर आणि दवाखाना

पाणी किती तास येते आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे बिल्डरला विचारण्यापेक्षा शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारावे. पाणी कमी तिथे साठवण जास्त, आणि झाकण नसलेल्या साठवणीत डेंग्यूचा डास. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करायला सांगतात.

पावसाळ्यातले घर उन्हाळ्यात विकत घेऊ नये, असे म्हणायला हरकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण रुग्णालयांत भरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले. नदी, खाडी किंवा नाल्याजवळचे घर घ्यायचे असेल, तर मागच्या पुराच्या खुणा जुन्या भिंतींवर दिसतात, त्या बघाव्यात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ताप आला, तर अंगावर काढू नये.

दवाखान्याचे अंतर रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर मोजून उपयोग नाही; ते संध्याकाळी सातच्या गर्दीत मोजावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. हृदयविकारात तर मिनिटागणिक स्नायू मरत असतो. म्हणून 'जवळ हॉस्पिटल आहे' एवढ्यावर न थांबता तिथे रात्री डॉक्टर असतो का, सीटी स्कॅन आहे का, हे विचारावे. १०८ ची रुग्णवाहिका इमारतीच्या दारापर्यंत येऊ शकते का आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते का, हेही पाहावे. टोरांटो परिसरातील हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात तिसऱ्या मजल्यापासून वर राहणाऱ्यांचे जगण्याचे प्रमाण खालच्या मजल्यांवरच्यांपेक्षा कमी होते. मदत दारापर्यंत वेळेत आली, तरी वर चढायला वेळ लागत होता.

शेजार हेही औषध

गिरगाव-लालबागच्या चाळीतून आईवडिलांना नव्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आणले जाते. हेतू चांगला असतो. संडास घरात, लिफ्ट दारात. पण चाळीत दिवसभर दार उघडे असायचे. इथे ते बंद असते. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात, रात्री नऊला येतात. मधले चौदा तास टीव्ही आणि भिंती. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती २०१० मध्ये एकत्र तपासली गेली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. नव्या जागी वाचनालय, देऊळ, बाग, ज्येष्ठांचा कट्टा किंवा निदान बसायला बाक आहे का, आणि तिथपर्यंत आई एकटी चालत जाऊ शकते का, हा घर निवडण्याचा निकष ठरायला हवा. एखादे नातेवाईक दहा मिनिटांवर राहत असेल, तर ते क्लब हाउसपेक्षा मोठे वैभव आहे.

हप्त्याचे दुखणे

मग जवळचे महागडे घर घ्यावे का? तेही सरसकट नाही. हप्ता झेपेनासा झाला की त्याचेही दुखणे होते. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या गोळ्या 'महिनाअखेर संपल्या' म्हणून आठ दिवस बंद ठेवणारी, हर्नियाची शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी, आरोग्यविम्याचा हप्ता थकवणारी माणसे येतात. त्यांच्यातली सगळीच गरीब नसतात. काहींचा पगार बरा असतो, पण त्यातला मोठा वाटा दर महिन्याला पाच तारखेलाच बँकेत गेलेला असतो. पन्नास लाखांच्या कर्जावर २० वर्षांत सुमारे ५४ लाख रुपये व्याज जाते. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण एक तृतीयांशात बसावा, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला असावी आणि आरोग्यविमा हप्त्याच्या आधी भरला जावा, हे पथ्य आहे. दोघांच्या पगारावर हप्ता बेतला असेल, तर बाळंतपण, आजारपण किंवा नोकरी जाणे यांपैकी काही झाल्यास एका पगारात किती महिने निभेल, हे आधीच मांडून ठेवावे.

दूरचे घर चुकीचे, असा याचा अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील, छप्पर गळत असेल, दर ११ महिन्यांनी घरमालक भाडे वाढवून मुलांची शाळा बदलायला लावत असेल, तर बदलापूरचे हवेशीर दोन खोल्यांचे घर प्रकृतीला निश्चित चांगले. दाटीतले आजार आणि बेघर होण्याची धास्ती हे छोटे धोके नव्हेत. मात्र तिसरा पर्याय अनेकदा विचारातच घेतला जात नाही. जवळ भाड्याने राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने भाडे हप्त्यापेक्षा बरेच कमी असते. मुले लहान आणि नोकरी धावपळीची असताना जवळ भाड्याने राहणे आणि धावपळ ओसरल्यावर शांत ठिकाणी स्वतःचे घर घेणे, हाही शहाणपणाचा क्रम असू शकतो.

सही करण्याआधी

टोकन देण्याआधी काही चाचण्या करता येतात. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

एक: कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला त्या घरापासून कचेरीपर्यंत आणि परत असा प्रवास सलग तीन दिवस करावा. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने वेगळा करावा. रविवारी गाडीने घातलेली फेरी ही चाचणी नव्हे.

दोन: रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्या इमारतीखाली उभे राहून आवाज, दिवे आणि वास यांचा अंदाज घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राची हवा हिवाळ्यात पाहावी. पावसाळ्यात सगळीकडचीच हवा स्वच्छ दिसते.

तीन: एक भेट मुसळधार पावसात द्यावी. ओल, गळती आणि रस्त्यावरचे पाणी तेव्हाच खरे दिसते.

चार: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्णत्वाची तारीख आणि कार्पेट एरिया तपासावा. ताबा दोन वर्षे लांबला तर भाडे आणि हप्ता एकदम सुरू राहतो, आणि त्या ताणाने झोप उडते. बांधकामातील दोष पाच वर्षांपर्यंत विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, हे लक्षात ठेवावे.

पाच: शक्य असेल तर त्याच भागात ११ महिने भाड्याने राहून पाहावे. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि मुलांचे एक शाळेचे वर्ष काढल्यावर जे कळते, ते कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

आणि शेवटी, घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर लिहावा: उठण्याची वेळ, निघण्याची, परतण्याची, जेवणाची आणि झोपण्याची. आजचा दिवस एका रकान्यात, नव्या घरातला दुसऱ्या रकान्यात. ज्याच्या रकान्यात सात तास झोप उरत नाही, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. घरात जो सर्वांत कमी बोलतो, बहुतेक वेळा त्याचाच तो रकाना असतो.